दोराचं खालचं टोक

४ फेब्रुवारी

ताई,

चार वर्षांनी एकदम पत्र आलं म्हणजे याला काहीतरी हवं असणार, असं म्हणतच तू पाकीट फोडशील. बरोबर आहे, हवंच आहे. फोन केला असता, पण फोनवर तू 'बरी आहे, तू बरा आहेस ना, ठेवते' यापलीकडे जात नाहीस. कागदावर तरी जरा बोलशील.

झालंय असं, की कंपनीने नव्या पोरांना शिकवायला वर्ग काढलाय आणि साहेबांच्या डोक्यात आलं की दगडाने तिथे भाषण द्यावं. दगड म्हणजे मी. सोळा वर्षं टाक्या आणि बॉयलर आत उतरून खरवडतोय. ज्या गरम टाकीतून बाकीचे दहा मिनिटांत जीभ काढून वर येतात, तिथे मी चाळीस मिनिटं बसतो. विषय दिलाय, 'मनाची ताकद कुठून येते'. मी म्हटलं, साहेब, पगारातून तर येत नाही. ते हसले नाहीत.

मी ठरवलंय, खरं तेच सांगायचं. बाबा पंप चालवायचे, पंपघराच्या मागे जमिनीखाली जुनी टाकी होती, तिला लोखंडी झाकण होतं. दूध सांडलं, टाकीत. रडलो, टाकीत. आठ वर्षांचा मुलगा सकाळच्या पाळीपासून संध्याकाळपर्यंत अंधारात बसतो आणि त्याचं काही बिघडत नाही, हे त्या पोरांनी ऐकावं. बाबांनी मला घडवलं, असं म्हणेन. हेतू वाईट का असेना, घडवलं.

आणि तुझंही सांगणार. झाकणाच्या खाचेतून दोर आत सोडून तू अकरा वर्षांची पोर वर उन्हात बसून राहायचीस. एक झटका म्हणजे 'आहेस ना', उलट एक झटका म्हणजे 'आहे'. तीन झटके म्हणजे 'मला बाहेर काढ', आणि मग तू मार खायची तयारी ठेवून फाटकावरच्या पहारेकऱ्याला घेऊन यायचं, असं आपलं ठरलेलं. मी तीन कधीच दिले नाहीत. आमच्या कामातही हेच झटके आहेत, आणि आजही मी तीन देत नाही.

आमच्यात एक पद्धत आहे. खाली उतरणारा आपलं घड्याळ काढून वर दोर धरणाऱ्या दोरवाल्याच्या हातात देतो. खाली माणूस आहे तोवर ते दोरवाल्याकडे राहतं. माणूस वर आल्याशिवाय ते परत घ्यायचं नाही, मागायचंही नाही. मला दर वेळी वाटतं, माझी पहिली दोरवाली तू होतीस आणि तुला द्यायला माझ्याकडे घड्याळ नव्हतं.

तर भाषणात तुझं सांगू ना? भाषण अठराला आहे. त्याआधी कळव.

तुझा धाकटा


१३ फेब्रुवारी

धाकट्या,

पाकीट फोडताना तसंच म्हणाले. बाजूला कपडे मोजणारी होती, ती विचारायला लागली कोणाचं पत्र. म्हटलं, एका दगडाचं.

इथे हॉस्पिटलच्या कपड्यांच्या खोलीत तेच चाललंय. चादरी येतात, चादरी जातात, फाटकी मी बाजूला काढून शिवते. गुडघे कुरकुरतात. बाकी बरी आहे.

माझं काही सांगू नकोस. उगाच कशाला. तिथली पोरं टाळ्या वाजवतील आणि मी इथे चादरी मोजत बसेन, तर त्या टाळ्यांचं मी काय करू? आणि ते 'बाबांनी घडवलं' तर अजिबात म्हणू नकोस. वाचलं आणि माझं डोकं सणकलं. कुंभार मडकं घडवतो, तो त्याच्यावर झाकण ठेवून निघून जात नाही. बाबांनी तुला कोंडलं. तू जगलास, ते तुझं. त्यातला पैभर वाटा त्यांना द्यायचा नाही. ते गेले तेव्हा तू आला नाहीस, मी एक अक्षर बोलले नाही. मग आता भाषणात त्यांना हार कशाला घालतोस?

एक सांगायचं होतं. जुनं पंपघर पाडायला घेतलंय. फाटकावर कागद चिकटवलाय, टाकी मातीने भरून वर गाड्या उभ्या करायला जागा करणार. मे महिन्यात म्हणे. मी रोज त्याच रस्त्याने कामावर जाते. कागद वाचला आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

चाळीस मिनिटं आत बसायची काही गरज नाही. बाकीचे दहा मिनिटांत येतात तर तू बारा मिनिटांत ये, तेवढ्याने तुझा मान जात नाही. आणि हे जमतं तरी कसं तुला?

ताई


२१ फेब्रुवारी

ताई,

भाषण झालं. तुझं सांगितलं नाही, बाबांना हारही घातला नाही. मग उरलं काय? मी अर्धा तास हवा, दोर आणि बूट यांवर बोललो. पोरांनी जांभया दिल्या. खूश?

कसं जमतं ते विचारलंस. हे साहेबांना सांगितलेलं नाही, बायकोलाही सांगितलं नव्हतं, आणि ती असेपर्यंत विचारायची. तुला सांगतो, हसू नकोस.

त्या टाकीत शिडीच्या अर्ध्यावर एक कट्टा होता, मी तिथे बसायचो. दोर माझ्या पुढून आणखी खाली जायचा, जिथे थोडं पाणी होतं आणि काही दिसायचं नाही. एक दिवस मी ठरवलं की कट्ट्यावर बसलेला तो मी, आणि खाली दोराच्या टोकाला आणखी एक जण आहे. माझ्याएवढाच. थंडी वाजली की मी ती त्याला द्यायचो. भीती त्याला, भूक त्याला. त्याचं नाव खालचा. तो तक्रार करायचा नाही. मी नुसता पंपाचे ठोके मोजायचो, मिनिटाला चाळीस. झाकण उघडलं की मी वर यायचो आणि खालच्याला तिथेच ठेवायचो. एवढीच युक्ती. मनाची ताकद वगैरे काही नाही.

आता तू म्हणशील, पोरवयातला खेळ. खेळच होता. फक्त एक आहे. मी दोराला एक झटका द्यायचो तेव्हा उलट झटका यायचा, तो तुझा. पण कधीकधी दुसरा एक यायचा, आणि तो खालून यायचा.

कामावरही येतो. आम्ही कमरेच्या गाठीखाली हात-दीड हात दोर मोकळा सोडतो, हत्यारं बांधायला. भट्टीसारख्या टाकीत डोकं गरगरायला लागलं, आता वर जावं असं वाटलं, की ते मोकळं टोक कोणीतरी एकदा ओढतं. हळू. 'आहेस ना'. मग मी बसतो. त्याला सोडून कसं जायचं?

पुढच्या आठवड्यात रंगाच्या कारखान्याची मोठी टाकी आहे. ती झाली की तुझ्याकडे यायचा विचार आहे. मातीने भरायच्या आत एकदा बघून येईन म्हणतो.

तुझा धाकटा


९ मार्च

धाकट्या,

तुझा दोरवाला हॉस्पिटलच्या नंबरावर मला शोधत होता. मी फोनपर्यंत पोचले तोवर कट झाला. कपडे मोजणारीने निरोप घेतला तो असा, 'भाऊ आत राहिला, पण काढलाय'. काढलाय म्हणजे काय? असं कोणाबद्दल बोलतात, माहीत आहे ना तुला?

दोन दिवस मी फोन लावतेय. जिवंत असशील तर एक ओळ लिही, कोणाकडून तरी लिहून घे. शिव्या मी नंतर देईन.

ताई


२० मार्च

ताई,

जिवंत आहे. आडवा पडून लिहितोय म्हणून अक्षर असं. शिव्या पाठवायला हरकत नाही.

त्या टाकीत हवा सोडणारी नळी कुठेतरी मुडपली. मला कळलं नाही, गोड गोड झोप येत होती. दोरवाला दर दोन मिनिटांनी एक झटका देतो आणि मी उलट एक देतो, हा नियम. तो म्हणतो, उत्तरं येत होती. अगदी वेळेवर येत होती, आणि त्यालाच तो घाबरला. माणूस दमला की उत्तर उशिरा येतं, ढिलं येतं. ही उत्तरं शेवटपर्यंत एकसारखी होती. त्याने कोणाला न विचारता ओढायला सुरुवात केली. मी वर आलो तो निळा पडलेला, हात खाली लोंबत. डॉक्टरांच्या हिशोबाने मी किमान पंधरा मिनिटं बेशुद्ध होतो.

त्या पंधरा मिनिटांत सात उत्तरं गेली, ताई. दोरवाल्याने मोजलीत. मी दिली नाहीत.

तो रोज येऊन बसतो इथे, घड्याळ आणून दिलं. म्हणतो, दगडा, तू तीन झटके द्यायला शिकला नाहीस तर मी तुझा दोर धरणार नाही, दुसरा शोध. डॉक्टर म्हणतात, आणखी एकदा असं झालं तर त्यांनाही काही करता येणार नाही. दोघांना हो म्हटलंय. पण तुला खरं सांगतो, मला तीन देता येत नाहीत. मी बेशुद्ध होण्याआधी हात दोरापर्यंत गेला होता. एक दिला. दुसरा दिला नाही. खालून कोणीतरी ओढलं आणि मला वाटलं, ठीक आहे, थांबू.

मी मरायला घाबरत नाही असं लोक म्हणतात. घाबरतो, ताई. या वेळी पहिल्यांदा फार घाबरलोय.

तू होतीस म्हणून मी तेव्हा वाचलो. वर तू आहेस हे माहीत होतं, म्हणून सोसता आलं. आता तूच सांग, काय करू.

तुझा धाकटा


२४ मार्च

धाकट्या,

शिव्या पाठवणार होते. त्याऐवजी हे लिहिते आहे, आणि हे वाचून तू मला शिव्या दिल्यास तर त्या मला पोचल्या असं समज.

मी तिथे नव्हते.

पहिल्या दिवशी होते. दोर हातात घेऊन झाकणापाशी बसले होते. मग बाबा बाहेर आले, त्यांनी बघितलं, काही केलं नाही. एवढंच म्हणाले, 'मधे पडलीस तर तुलाही आत टाकीन, आणि मग वर कोण बसेल?' आणि पाळीवर निघून गेले. मी बसून राहिले आणि माझ्या डोक्यात एकच. तीन झटके आले तर मला उठावं लागेल. फाटकापर्यंत जावं लागेल, पहारेकऱ्याला सांगावं लागेल, आणि मग मी आत. दोर हातात होता तोवर तीन कधीही येऊ शकले असते.

म्हणून मी तो बाजूच्या नळाच्या चाकाला बांधला आणि पंपघरात जाऊन मशीनच्या मागे बसले. कानात बोटं घालून. संध्याकाळी पाळी संपायच्या आधी येऊन गाठ सोडायचे आणि दोर हातात घेऊन बसायचे. झाकण उघडलं की तुला दिसायचं, ताई दोर धरून बसलीय. तू माझ्याकडे बघून हसायचास. प्रत्येक वेळी हसायचास.

एकदा नाही, प्रत्येक वेळी हेच. दोन वर्षं.

तू जे ठोके मोजायचास त्यांच्या शेजारी मी बसलेली असायचे. कान कितीही बंद केले तरी ते अंगातून ऐकू यायचे.

तुला उलट झटका कोणी दिला, मला माहीत नाही. मी दिला नाही. तू कधी तीन दिलेस का, तेही मला माहीत नाही. तू म्हणतोस कधीच नाही. तीस वर्षं मी ते तुझ्या तोंडून ऐकते आणि घरी येऊन झोपते. तुला फोनवर पटकन ठेवते म्हणते ते याचमुळे. तू एकदा विचारशील, याची भीती.

तू विचारलंस काय करू. मला विचारायचा अधिकार तुला आहे, सांगायचा मला नाही. तरी सांगते. जो तुला खाली थांबवतो, तो तुझा कोणी नाही. त्याचं ऐकू नकोस.

ताई


२ मे

ताई,

उत्तराला पाच आठवडे लागले. राग आला म्हणून नाही. हे कसं लिहायचं तेच सुचत नव्हतं.

मला माहीत होतं.

पहिल्याच दिवशी कळलं. हात आणि गाठ यातला फरक आठ वर्षांच्या पोरालाही कळतो. हाताला झटका दिला की तो थोडा सुटतो, मग पकडतो. गाठ सुटत नाही. मी त्या दिवशी तीन दिले. दिले म्हणजे लटकलोच दोराला. वर काही हललं नाही. मग मी पुन्हा तीन दिले. किती वेळा ते विचारू नकोस. त्यानंतर मात्र मी जन्मात कधी तीन दिले नाहीत, ही गोष्ट खरी आहे.

संध्याकाळी झाकण उघडलं आणि तू दोर धरून बसलेली. तुझा चेहरा असा, की तूच दिवसभर आत होतीस. मग मी हसलो. दुसरं काय करणार होतो? तू अकरा वर्षांची होतीस. पुढे मी तीच गोष्ट सगळ्यांना सांगत गेलो, ताई दोर धरून बसायची, आणि इतक्यांदा सांगितली की मलाही निम्मी खरी वाटायला लागली.

खालच्याबद्दल तू लिहिलंस ते पटलं नाही. तो माझा कोणी नाही कसं? ज्याने तीन झटके दिले आणि ज्याला कोणी काढलं नाही, तोच तो. मी त्याला तिथे ठेवून वर आलो आणि दगड झालो. तो मला मारायला ओढत नाही. त्याला एकटं बसवत नाही, एवढंच आहे.

सोळा तारखेला माती टाकणार असं तू फोनवर सांगितलंस. मी पंधराला येतो, दोरवाल्याला घेऊन. ठेकेदाराशी तो बोललाय. हवा तपासायचं यंत्र, पट्टा, दोर, सगळं आणतो, काळजी नको. पण दोर तो धरणार नाही. तू धरायचास.

नाही म्हणू नकोस. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्ची आण.

तुझा धाकटा


१९ मे

धाकट्या,

तू पोचल्याचा फोन आला. फोनवर मी 'बरी आहे' म्हणाले आणि ठेवला, सवयीने. पण एक सांगायचं राहिलंय आणि ते बोलून सांगण्यासारखं नाही.

आधी तुला माहीत असलेलंच लिहिते, म्हणजे मला नीट लावता येईल. सकाळची वेळ, लख्ख ऊन. झाकण तुम्ही दोघांनी मिळून सरकवलं. दोरवाल्याने ते यंत्र खाली सोडून हवा बघितली, ठीक म्हणाला. तू घड्याळ काढून माझ्या हातात दिलंस. मी म्हटलं, मला नको, पडेल. तू म्हणालास, पडू दे, पण दोर सोडू नकोस. मी खुर्ची आणली होती, तीवर बसलेच नाही.

तू एक झटका दिलास, मी एक दिला. मी टाकीच्या तोंडावर इतकी वाकले होते की दोरवाल्याने माझ्याही कमरेला पट्टा बांधून तो मागून धरला. अकरा मिनिटं झाली. घड्याळ माझ्या मुठीत होतं, म्हणून नक्की सांगते. मग तीन आले. तीस वर्षं ज्याला मी घाबरले ते माझ्या दोन्ही हातांत आले, आणि मी इतकी ओढायला लागले की दोरवाला म्हणाला, बाई, हळू, तो शिडीने येतोय.

तू वर आलास, मातीत बसलास आणि म्हणालास, 'हात आहे हे लगेच कळलं'. मग आपण दोघं रडलो. दोरवाला तिकडे तोंड करून उभा राहिला. भला माणूस आहे.

तू पट्टा काढलास आणि दोराचं टोक परत आत सोडलंस. घड्याळ मी पुढे केलं, तू घेतलं नाहीस. म्हणालास, 'राहू दे थोडा वेळ, आणि दोर लगेच गुंडाळू नकोस'. मला वाटलं, दमलाय. तुम्ही दोघं ठेकेदाराच्या खोलीकडे सही करायला गेलात. मी एकटी तोंडाशी बसले. दोर आतच होता, टोक खाली पाण्यात.

किती वेळ गेला ते मी बघितलं नाही. दोर माझ्या मांडीवर होता. तो हलला. मला वाटलं, वारा. वारा नव्हता. मग एक झटका आला. अगदी लहान, मुलाचा असतो तसा. मी घाबरले नाही असं लिहिणार नाही. ठेकेदाराच्या खोलीकडे बघितलं, तुम्ही दिसला नाहीत.

मग माझ्या हाताने एक झटका उलट दिला. का ते माहीत नाही.

थोडा वेळ काहीच नाही. मग तीन आले. सावकाश, एकेक सुटा, देऊ की नको असा विचार करत दिलेला. जणू तो मोजत होता की वर कोणी उठतंय का.

मी उठले, धाकट्या. आणि ओढला. वजन होतं. ओल्या चादरींचा गठ्ठा मी रोज उचलते, मला वजन कळतं. आठ वर्षांच्या पोराएवढं होतं. मी एकटीने ओढला, पाय रोवून, एकदाही न थांबता. कट्ट्याशी जरा अडकला तिथे मी 'ये, ये, मी आहे' असं मोठ्याने म्हणाले, तेव्हा मागे मजुरांपैकी कोणीतरी बघितलं. बघू दे. तोंडाशी आला आणि दोर एकदम हलका झाला. नुसतं टोक बाहेर आलं, ओलं. उन्हात माझ्या अंगावरून काहीतरी गार गेलं, फाटकाच्या दिशेने. त्या फाटकापर्यंत मी तेव्हा गेले नव्हते.

तुम्ही परत आलात तेव्हा मी दोर गुंडाळत होते. तू माझ्याकडे बघितलंस आणि काही विचारलं नाहीस. घड्याळही मागितलं नाहीस. तुला वाटलं असेल, अजून मागायची वेळ झालेली नाही. मला तुझी पद्धत घरी आल्यावर आठवली आणि मग कळलं की तू ते विसरला नव्हतास.

दुसऱ्या दिवशी माती टाकली. कामावर जाताना उभी राहून बघितली, शेवटची गाडी रिकामी होईपर्यंत.

खाली आता कोणी नाही. घड्याळ सोबत पाठवते आहे, हातात घाल.

ताई